अजून एक आहे का?

विकलेला माल घेऊन तीन आठवड्यांनी गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की बुटांच्या दुकानातल्या विक्रेत्याचा चेहरा आपोआप पडतो. शिवण उसवली असणार, टाच चावत असणार, आणि बिल घरी राहिलेलं असणार. पण एखादं गिऱ्हाईक तेच बूट घालून येतं, स्टुलावर बसतं, पाय पुढे करतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "हाच अजून एक जोड आहे का? हाच. आठ नंबर, हाच तपकिरी." विक्रेत्याच्या जिवात जीव येतो. "सर, याच्यापेक्षा भारी नवीन मॉडेल आलंय," असं तो म्हणतो आणि तिथेच चुकतो, कारण समोरच्याला भारी नकोच असतं. त्याला हेच हवं असतं. या गृहस्थांना आपण दोननगे म्हणू. आडनाव काल्पनिक आहे, गृहस्थ नाहीत. प्रत्येक सोसायटीत ते एक तरी असतातच, आणि त्यांच्या स्वभावाला धरून बोलायचं तर दोन.

दोननगेंबद्दल लोकांचे गैरसमज फार. कोणी त्यांना हावरट म्हणतं, कोणी साठेबाज. दोन्ही आरोप टिकत नाहीत. हावरटाला नवं हवं असतं. दोननगेंना नव्याचा तिटकारा आहे. साठेबाज भाव चढला की माल बाहेर काढतो. दोननगे जीव गेला तरी काढणार नाहीत. संग्राहक म्हणावं, तर संग्राहकाला प्रत्येक वस्तू वेगळी लागते आणि आलेल्या पाहुण्याला ती दाखवायची असते. दोननगेंच्या माळ्यावर एकसारख्या वस्तू असतात आणि त्या कोणाला दाखवायच्या नसतात. तिथे खोक्यावर निळ्या स्केचपेनने लिहिलेलं असतं: 'बूट, तपकिरी, ८. घेतले मार्च २०१९. काढू नयेत.' खोक्यात बुटांच्या पोटात वर्तमानपत्राचे बोळे, सिलिका जेलच्या तीन पुड्या (एक बुटांबरोबर आलेली, दोन औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या) आणि एक डांबराची गोळी. शेजारच्या खोक्यात चष्म्याची फ्रेम, दाढीचं यंत्र, पाठीवरची सॅक आणि कात्री. सगळं कोरं, सगळं जुळं.

माझं म्हणणं असं की हा माणूस वेडा नाही. त्याने एक निष्कर्ष काढलाय आणि त्या निष्कर्षाच्या बाजूने इतिहास भक्कम उभा आहे. निष्कर्ष साधा आहे: आपल्याला आवडलेली वस्तू बाजारातून जाते. न आवडलेली कधीच जात नाही, ती जाहिरातीत वर्षानुवर्षं हसत असते. एचएमटीची घड्याळं घ्या. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरात सुरू झालेल्या या कारखान्याने अर्ध्या देशाच्या मनगटावर वेळ बांधली. दहावी पास झाल्याचं बक्षीस एचएमटी, लग्नात जावयाला एचएमटी, निवृत्तीच्या निरोपसमारंभातही एचएमटी. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. बंद पडणार अशा बातम्या येऊ लागल्या तेव्हा कुठे लोक 'जनता' आणि 'पायलट' शोधत दुकानांकडे धावले. दोननगे त्या गर्दीत नव्हते. त्यांचा दुसरा नग कपाटात कधीचा ठेवलेला होता. वरातीमागून धावलेल्यांना पुढे जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवलेली घड्याळं मिळाली. हा माल इतका बोकाळला की घड्याळांच्या शौकिनांत त्याला 'मुंबई स्पेशल' असं नावच पडलं, आणि ते कौतुकाने घेतलं जात नाही.

दोननगे साठीच्या पुढचे असतील तर त्यांच्याकडे आणखी जुना पुरावा असतो. बजाजची स्कूटर नोंदवून दहा-दहा वर्षं वाट बघितलेली ही पिढी. नंबर लागण्याचीच मारामार होती, तिथे आवडीनिवडीला विचारतो कोण? ज्या चेतकसाठी माणसं एवढी तिष्ठली, ती स्कूटरच पुढे इतिहासजमा झाली. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटरचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. २०२० साली चेतक परत आली ती बॅटरीवर. नाव तेच, पण सुरू करण्यापूर्वी आडवी करायची सोय गेली. त्यामुळे नळाला पाणी आलं की घरातली सगळी भांडी भरून ठेवावीत, तसे दोननगे आवडती वस्तू समोर दिसली की दुसरी भरून ठेवतात. याला स्वभावदोष कशाला म्हणायचं? हा आपल्या बाजाराचा अनुभव आहे.

यावर तरुण मंडळी हसून सांगतात की आता सगळं ऑनलाइन मिळतं, घरपोच येतं, साठवायचं कशाला. हा आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण तो घेणाऱ्याने कधी आवडत्या चहाच्या गाळणीची दुसरी प्रत मागवलेली नसते. नाव तेच, फोटो तोच, किंमत थोडी जास्त, आणि वर 'नवीन सुधारित' असा शिक्का. हातात आल्यावर कळतं की जाळी विरळ झालीय, कड दुमडायची ती नुसतीच कापलीय, कपावर टेकवायचे दोन कान होते त्यातला एक गेलाय, आणि चहाची पावडर खुशाल कपात उतरतेय. हे फरक जाहिरातीत लिहिलेले नसतात. ते फक्त रोज वापरणाऱ्या हाताला कळतात. म्हणूनच दोननगे हा प्रकार निव्वळ पुरुषांचा नाही. श्रीमती दोननगे यांच्या फडताळात वरच्या फळीवर कागदात गुंडाळलेली तशीच गाळणी, तशीच किसणी आणि कुकरच्या दोन रिंगा असतात. फरक इतकाच की त्यांच्या दुसऱ्या नगाला सगळे दूरदृष्टी म्हणतात आणि नवऱ्याच्या दुसऱ्या नगाला पसारा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो असा, की यात नवल ते काय? आपल्याकडे बेगमी करायची रीतच आहे. कोकणात आगोटीला सुकी मासळी, मीठ-मिरची, फणसाचे पापड भरून ठेवतात. देशावर वर्षाचं धान्य एरंडेल लावून कणगीत जातं. दोननगे फक्त गव्हाच्या जागी बूट ठेवतात. हा युक्तिवाद स्वतः दोननगेही करतात, त्यामुळे त्याला उत्तर देणं भाग आहे. आगोटीच्या बेगमीला मुदत असते. पाऊस किती महिने हे माहीत असतं, घरात तोंडं किती हे माहीत असतं, आणि नारळीपौर्णिमेला दर्या शांत झाला की पेटारा रिकामा झालेला असतो, नव्हे, तो रिकामा व्हावा म्हणूनच भरलेला असतो. दोननगेंच्या साठ्याला शेवटची तारीख नाही. पहिला बूट फाटला की दुसरा काढायचा, असं कागदावर ठरलेलं आहे. प्रत्यक्षात पहिला फाटतो तेव्हा दोननगे चांभाराकडे जातात. पुन्हा फाटला, पुन्हा चांभार. तळ बदलतात, टाच बदलतात, नाडी बदलतात. कारण दुसरा काढला की पहिला म्हणून तोच उरणार, आणि मग दुसरा कुठून आणायचा? अशा रीतीने दुसऱ्याला वाचवण्यासाठी तिसरा शोधण्याची मोहीम सुरू होते. पहिला नग आता वापरायची वस्तू राहिलेला नाही. तो दुसऱ्याचा पहारेकरी झालाय.

आणि इथेच इतिहासाने जिंकून दिलेला खटला रसायनशास्त्र हरवतं. आजच्या बऱ्याच बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा या पदार्थाचे रेणू हळूहळू तोडत राहतो, बूट पायात असो वा खोक्यात. न घातलेल्या बुटाचा तळ काही वर्षांत भुसभुशीत होतो, आणि मुंबईचा किंवा रत्नागिरीचा पावसाळा त्या कामाला मदतच करतो. सिलिका जेलच्या तीन पुड्या भरल्या की त्यांचं काम संपतं. ओलावा मात्र दर जूनला नव्या दमाने येतो. मग दोननगे भाचीच्या लग्नासाठी मोठ्या मनाने तो जोड काढतात आणि कार्यालयाच्या जिन्यापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत काळ्या चुऱ्याचा माग सोडत जातात. घरी येईपर्यंत वरचं कातडं तेवढं कोरं उरलेलं असतं. चावीच्या घड्याळातलं तेल न चालवताही घट्ट होतं. इलॅस्टिक सैलावतं, रबर चिकट होतं, बॅटरी खोक्यातल्या खोक्यात म्हातारी होते. फ्रेम टिकते, पण तोवर नंबर बदलून प्रोग्रेसिव्ह काचा लागतात आणि त्या अरुंद फ्रेममध्ये बसत नाहीत. शर्टाचं तर बोलायलाच नको. शर्ट जसाच्या तसा राहतो. दोननगे राहत नाहीत.

पैशांचा हिशेबही तपासून बघण्यासारखा आहे. दोननगे सांगतात की २०१९ च्या भावात घेतलेला बूट आज दीडपट महाग झालाय, म्हणजे फायदाच. मूळ किंमत आणि आजची किंमत एवढेच दोन आकडे ते धरतात. ज्या माळ्यावर तो ठेवलाय त्या फ्लॅटच्या चौरस फुटाचा भाव धरत नाहीत. ठाण्यात किंवा कोथरूडमध्ये एका खोक्याएवढ्या जागेचं भाडं लावलं, तर त्या बुटांनी आपली किंमत केव्हाच खाल्ली असेल. पण हा मुद्दा मी फार ताणणार नाही. त्या माळ्यावर बूट नसते तर दिवाळीच्या भेटीत आलेल्या, कोणी न उघडलेल्या काचेच्या वाट्या असत्या.

बरं, वस्तू नासली नाही आणि माणूसही बदलला नाही, तरी गंमत संपत नाही. जपानमधल्या हागोरोमो या खडूची गोष्ट शिक्षकमंडळींना आवडेल. गणिताच्या प्राध्यापकांत या खडूची ख्याती अशी की त्याने चुकीचं गणित लिहिताच येत नाही, अशी थट्टा चाले. २०१५ साली मालकाची तब्येत आणि वारस नसणं या कारणांनी कंपनीने काम थांबवलं, तेव्हा जगभरातल्या गणितज्ञांनी पुढची कित्येक वर्षं पुरेल एवढा खडू घरात भरला. तर्कशास्त्रात मुरलेली माणसं ही. प्रमेयाला पुरावा मागणारी. आणि त्यांचा साठा संपण्याआधीच एका कोरियन उद्योजकाने ती यंत्रं नेऊन तोच खडू पुन्हा बनवायला घेतला. अमेरिकेतल्या ब्लॅकविंग ६०२ पेन्सिलीचंही असंच झालं. १९९८ मध्ये ती बंद झाली, जुनी एकेक पेन्सिल तीस-चाळीस डॉलरला जाऊ लागली, आणि २०१० मध्ये दुसऱ्या कंपनीने ते नाव बाजारात आणलं. जुन्या भक्तांनी अर्थातच जाहीर केलं की नवीत ती मजा नाही. न करून सांगतात कोणाला? मजा तीच आहे म्हटलं असतं, तर चाळीस डॉलर कशाला दिले हे घरी सांगावं लागलं असतं.

मग दोननगेंच्या हातात उरतं काय? वस्तू टिकत नाही, पैसा वाचत नाही, टंचाईही धड साथ देत नाही. तरी ते थांबत नाहीत, याचा अर्थ टंचाईची भीती हे त्यांचं खरं कारणच नसावं. माझ्या मते खरं कारण स्टीव्ह जॉब्जच्या कपाटात सापडतं. जपानी वेशभूषाकार इस्से मियाके याच्याकडून त्याने एकाच प्रकारचे काळे, उंच गळ्याचे शर्ट जवळजवळ शंभर करवून घेतले होते, आणि आयुष्यभर पुरतील एवढे आहेत असं त्याने आपल्या चरित्रकाराला दाखवलं होतं. त्याला शर्टांचा तुटवडा पडणार होता थोडाच? त्याला रोज सकाळी 'आज काय घालू' या प्रश्नातून कायमची सुट्टी हवी होती. दोननगेंनाही तीच हवी आहे, फक्त ते ती एका वेळी एक नग या दराने घेतात. एक बरा बूट मिळवण्यासाठी त्यांनी चार दुकानं पालथी घातली, सतरा जोड घातले-काढले, विक्रेत्याचं 'दोन दिवसांत सैल होईल सर' हे आश्वासन सहन केलं. ते दिव्य पुन्हा करायचं नाही, यासाठी ते दुसऱ्या नगाचे पैसे मोजतात. त्या नजरेने बघितलं तर माळ्यावरचा बूट झिजला काय, भुगा झाला काय, त्याने आपलं काम केलेलं असतं. इतकी वर्षं दोननगे कोणत्याही बुटांच्या दुकानासमोरून निर्धास्तपणे, खिडकीत न डोकावता गेले.

कोणी म्हणेल, ही निव्वळ आळसाची भलामण झाली. असेना. ज्या बाजारात साध्या टूथब्रशचे पंचवीस प्रकार टांगलेले असतात, तिथे एकदा पसंत पडलेल्याला चिकटून राहणं हा आळस असेल तर तो बराच विचार करून आलेला आळस आहे. माझी तक्रार वेगळी आहे. दोननगेंनी ही सुट्टी फक्त वस्तूंपुरती मिळवली, आणि त्यांच्या सुखाचा मोठा भाग वस्तूंवर अवलंबून नाही. त्यांचा न्हावी गावी गेला की त्यांचा महिना वाया जातो. दाताचे डॉक्टर एकच. आणि शिंपी! त्यांच्या डाव्या खांद्याचा उतार जाणणारा पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस. त्याला आता जवळचं दिसत नाही, आणि त्याचा मुलगा हिंजवडीला आयटीत लागलाय. दोननगेंनी परवा त्याच्याकडून एकदम सहा शर्ट शिवून घेतले, थोडे ढिलेच ठेवायला सांगितले, आणि निघताना मापाच्या वहीतलं आपलं पान कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स करून आणलं. दुकानदाराने किती प्रती विचारल्यावर त्यांना त्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं.