भाऊसाहेबांचे मत्स्यदप्तर

महसूल खात्यातला अव्वल कारकून पेन्शनीत निघाला म्हणजे स्वस्थ बसत नाही, तो राहत्या घराचीच कचेरी करतो, हे ज्यांच्या शेजारी असा गृहस्थ नांदतो त्यांना मी नव्याने सांगावे असे नाही. कोणी इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा ताबा घेतो, कोणी गणेशोत्सवाच्या जुन्या जमाखर्चात तेरा रुपयांचा घोळ हुडकून काढतो. आमच्या डोंबिवलीच्या भाऊसाहेबांनी मात्र नातवाच्या हट्टापायी क्रॉफर्ड मार्केटातून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशांची एक जोडी आणली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक नवा तालुका वसला.

नातवाने माशांचे नाव ‘निमो’ ठेवले. भाऊसाहेबांनी ते मंजूर केले नाही. लाल फडक्यात बांधलेला एक रोजनामचा सिद्ध झाला. त्यात तारीख, तपमान, क्षारता, जन्म, मयत आणि शेरा असे रकाने पडले, आणि माशांची नोंद ‘खातेदार अ’ व ‘खातेदार ब’ अशी झाली. पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ वरून तिळभर ढळली तरी भाऊसाहेबांच्या मुद्रेवर अवर्षणग्रस्त गावाचा अहवाल लिहिणाऱ्या माणसाची छाया पसरे.

या जातीत एकही मासा जन्मतः मादी नसतो. कळपातला जो सर्वांत मोठा आणि सर्वांत दांडगा, तो मादी होतो. त्याच्या खालोखालचा नर म्हणून संसार करतो. आणि मादी दगावली की तोच नर यथावकाश मादी होऊन तिच्या जागी चढतो व खालच्या पायरीवरचा एखादा पोरगेला मासा नराच्या जागी येतो. हे ऐकून सामान्य माणूस तोंडात बोट घालतो. भाऊसाहेबांना मात्र यात नवल असे काहीच दिसले नाही. ‘‘वारस लागला, फेरफार झाला. त्यात काय?’’ असे ते म्हणाले, आणि दुर्दैवाने हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडले. मुंजीच्या पंगतीत मठ्ठा वाढून होईतो त्यांनी ते शेजारच्या पाटावरील भटजींना ऐकवले. इमारतीचा जुना पहारेकरी गावी जाऊन नवा आला तेव्हा ‘फेरफार’. दूधवाल्याचा मुलगा रतिबावर येऊ लागला तेव्हा ‘फेरफार’. माझी बढती हुकली आणि माझ्या हाताखालचा मनुष्य माझ्या डोक्यावर बसला तेव्हाही, माझ्या खांद्यावर हात ठेवून, पण पुरत्या समाधानाने, ‘फेरफार’. २००३ सालच्या त्या प्रख्यात चित्रपटात मासोळी मरते आणि तिचा नवरा शेवटपर्यंत बापच राहतो, हे नातवाशेजारी बसून पाहताना ते ताडकन उठले आणि ‘‘ही नोंद प्रमाणितच झालेली नाही,’’ म्हणून त्यांनी दूरदर्शन संच बंद केला.

पुढे त्या जोडप्याने टाकीत ठेवलेल्या मंगळुरी कौलावर अंडी घातली. नारिंगी रंगाची ती अंडी दिवसागणिक काळवंडत जातात, अखेरीस त्यांत चंदेरी डोळे चमकू लागतात, आणि तोवर नर बिचारा पंखांनी त्यांना अहोरात्र वारा घालतो व नासलेले अंडे दिसताच तोंडाने काढून टाकतो. (मादी अधूनमधून पाहणी करते. शासनयंत्रणेशी याचे साम्य भाऊसाहेबांनीच माझ्या निदर्शनास आणले.) सातव्या-आठव्या रात्री, अंधार पडल्यानंतर दोनेक तासांत, पिल्ले बाहेर पडतात, दिवा असेल तर ती थांबतात. एवढे आधारवाक्य भाऊसाहेबांना पुरे झाले. त्या रात्री कौल निराळ्या छोट्या टाकीत हलवून, बापाच्या वाऱ्याऐवजी बुडबुड्यांची नळी त्याच्याशी लावून, त्यांनी आपले घर तर काळोखे केलेच, पण समोरच्यांनाही, जेथे त्या वेळी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम चालू होता, दिवे मालवण्याचा तोंडी हुकूम बजावला. मला पंच म्हणून पाचारण झाले. मी काळोखात मोड्यावर बसून राहिलो. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, ‘‘भाकरी करपली, तर तिचीही नोंद करा हो!’’ आणि रात्री दहाच्या सुमारास, तीन-चार मिलिमीटर लांबीचे अदमासे दोनशे जीव विजेरीच्या मंद उजेडात दिसू लागले असता, माझी पंचनाम्यावर सही झाली.

खरी विपत्ती त्यानंतरची. या पिल्लांना पहिले काही दिवस रोटिफर नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव खावयास लागतात. त्या रोटिफरांना हिरवे शेवाळ लागते. म्हणजे पोरांच्या आधी त्यांच्या अन्नाचे पशुपालन आणि त्याच्याही आधी त्या अन्नाच्या चाऱ्याची शेती. वहिनींच्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या या कामी जप्त झाल्या, आणि खिडकीत ओळीने हिरव्या पाण्याची आरास लागली. काचेतल्या प्रतिबिंबांना भुलून पिल्ले डोकी आपटतात म्हणून टाकीला चहूबाजूंनी काळा कागद लागला. आठवड्याभराने अमेरिकेतल्या युटा प्रांतातील खाऱ्या सरोवरातून आलेल्या आर्टेमियाची अंडी उबवण्याचे प्रकरण सुरू झाले. आमच्या देशात मंडपम् व विळिंजम येथील शास्त्रज्ञांनी हे सारे पद्धतशीर केलेले आहे. पण त्यांच्याजवळ प्रयोगशाळा होती, भाऊसाहेबांजवळ वहिनींचा ओटा होता. पिल्ले बहुतेक मेली. रोजनामच्यात प्रत्येक मयताचे कारण लिहिलेले मी पाहिले आहे: ‘उपासमार’, ‘अमोनिया’, आणि जेथे काहीच उमगले नाही तेथे ‘चौकशी चालू’.

दहाव्या-बाराव्या दिवशी ज्या मूठभरांच्या अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटला, त्यांची वाढ झाल्यावर भाऊसाहेबांनी एकही विकला नाही. प्रवाळांतून ओरबाडून आणलेल्या माशापेक्षा घरी वाढलेला मासा अधिक सोशिक असतो, म्हणून मागणी पुष्कळ होती. पण ते अर्जदाराच्या घरी जाऊन स्थळपाहणी करीत, आणि काचेच्या वाडग्यात मासा ठेवू इच्छिणाऱ्या एका धनिक ठेकेदाराला त्यांनी ‘ताबा नामंजूर’ असे लेखी कळविले. असल्या माणसाचा राग धरणे मला पुढेपुढे अवघड जाऊ लागले, हे कबूल करणे भाग आहे.

वहिनी गेल्या त्या पंधरवड्यातील रोजनामचा नातवाच्या अक्षरात आहे. क्षारता, तपमान, सारे बिनचूक.

त्यानंतरच्या दिवाळीत भाऊसाहेबांनी चकलीची भाजणी स्वतः केली. मोहन किती पडले ते तराजूवर तोलून, पण केली. संक्रांतीला सुनेकडून हळदीकुंकवाची यादी लिहवून घेतली, आणि वहिनी बोलवीत त्यांतली एकही बाई सुटली नाही. माझ्या पत्नीच्या गुडघ्याची चौकशी जिन्यातच थांबवून करावी, कोणाच्या मुलीचे बाळंतपण कुठवर आले याची खबर ठेवावी, नातू उन्हातून आला की ‘‘आधी पाय धू मेल्या’’ असे अगदी त्याच सुरात ओरडावे, हे सारे आता ते करतात, आणि आपण काही निराळे करतो आहोत असे त्यांच्या गावीही नसते. ते त्यांचे आवडते वाक्य त्यांना परत ऐकविण्याची संधी मला अनेकदा आली. माझी छाती झाली नाही.

आमच्याकडे त्यांनी दिलेली एक जोडी आहे. परवा वार्षिक तपासणीला आले तेव्हा त्यांनी घनता मोजली, काच पुसली नाही म्हणून शेरा मारला आणि मादी कोणती ते विचारले. ‘‘मोठी आहे ना, दुसऱ्याला सारखी कोपऱ्यात ढकलते, ती,’’ असे पत्नी म्हणाली. भाऊसाहेबांनी चष्म्यावरून प्रथम टाकीकडे, मग तिच्याकडे, आणि सर्वांत शेवटी, सवडीने, माझ्याकडे पाहिले. साक्षीदाराच्या रकान्यात माझी सही त्यांनी घेतली. खातेप्रमुखाच्या रकान्यात मात्र सही पत्नीचीच हवी, असे त्यांचे म्हणणे पडले.