फुकटाची तिथी

मराठी पर्यटकाच्या शब्दकोशात ‘फुकट’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी येतो, आणि रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर निघालेल्या कुटुंबाचे अंदाजपत्रक कोसळते ते बहुधा या दोन अर्थांची गल्लत झाल्यामुळेच. वेदान्ताची परिभाषा उसनी घेतली (आणि उसनी घ्यायला तिचे काही पडत नाही), तर पहिल्याला निरुपाधिक फुकट म्हणता येईल, म्हणजे ज्याला कोणतीही बाहेरची अट चिकटलेली नाही असे. दुसरे ते सोपाधिक फुकट, म्हणजे मूळ वस्तू मोफत असूनही जिच्याभोवती गाडीतळ, शहाळे, घोड्यावरची फेरी आणि सुरमईचे ताट अशी उपाधी जमलेली असते असे. नागाव आणि काशीदचा समुद्र या दुसऱ्या वर्गातला आहे. लाटेला तिकीट नाही, पण लाटेकडे पाहून लहान मुलांना जी भूक लागते तिला आहे.

निरुपाधिक फुकटाचे उत्तम उदाहरण अलिबागजवळच्या आक्षी गावात उभे आहे. तिथल्या शिलाहारकालीन शिलालेखावर शके 934, म्हणजे इ.स. 1012, असा काळ अनेक अभ्यासकांनी वाचला असून, त्यामुळे मराठीतल्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. महालक्ष्मीच्या बोडणासाठी, म्हणजे देवीला कालवलेले अन्न अर्पण करण्याच्या विधीसाठी, नऊ कुवली धान्य देण्याची नोंद त्यात आहे. कुवली हे धान्याचे जुने माप. आपल्या भाषेने दगडावर अगदी सुरुवातीला जे कोरून ठेवले ते जेवणाच्या खर्चाविषयी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘थाळी केवढ्याला?’ या प्रश्नाला एक हजार वर्षांची परंपरा लाभते.

या किनाऱ्यावर हात आखडून फिरलेल्यांत परदेशी पूर्वसूरीही आहेत. त्वेर या रशियन नगराचा व्यापारी अफनासी निकितिन वाटेत व्होल्गाच्या मुखाशी लुटला गेला आणि तरीही पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. घोडा विकून खर्च भागवावा हा त्याचा बेत होता, पण जुन्नरच्या खानाने घोडाच काही काळ ताब्यात ठेवल्यामुळे अंदाजपत्रक तिथेही कोलमडलेच. गोरा माणूस पाहायला आपल्यामागे लोकांची गर्दी होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे प्रेक्षणीय स्थळ तोच होता, आणि तेही निरुपाधिक. त्याचे स्मारक चौलशेजारच्या रेवदंड्याला आहे.

निसर्गाच्या बाबतीत किहीमचा दाखला पुरेसा आहे. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेली, तेव्हा ते किहीमला येऊन राहिले आणि 1930 च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे चिकाटीने पाहिले. नर खोपा अर्धवट विणून ठेवतो, मादी येऊन तो आतून-बाहेरून तपासते, पसंत पडला तर ताबा घेते, मग नर उरलेले बांधकाम पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा सुरू करतो, असे त्यांना आढळले. अलिबाग तालुक्यातल्या घरबांधणीचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण असून, पाहणीचे शुल्क मात्र पक्षी घेत नाहीत. मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात, एवढीच अडचण.

जंजिऱ्याला होडीचे भाडे पडते. परंतु हा किल्ला बाहेरूनच पाहून परतणाऱ्यांत मोठमोठी आरमारे होती, तेव्हा राजपुरीच्या धक्क्यावरून त्याचे फुकट दर्शन घेण्यात कमीपणा नाही.

खरा शास्त्रार्थ आहे तो अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये काम सुरू करवलेल्या आणि संभाजी महाराजांच्या काळात पुऱ्या झालेल्या या किल्ल्याकडे ओहोटीला चालत जाता येते. आत पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे, ते सोसावे; पण वाटखर्च शून्यावर आणणे सर्वस्वी तिथीच्या हाती आहे. कोकणातला ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून ओहोटी भर दुपारी बाराला, म्हणजे मुंबईहून येणाऱ्याच्या सोयीची; परंतु तेव्हा भांग असते, म्हणजे पाणी चढतेही थोडे आणि उतरतेही थोडे, आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असल्याने पाणी खूप मागे हटते, पण पहाटे किंवा संध्याकाळी, जेव्हा सर्व कुटुंब एकतर झोपलेले असते किंवा भजी खात असते. सोय आणि कोरडेपणा यांच्यामधल्या याच फटीत किनाऱ्यावरची घोडागाडी उभी असते.

मध्यममार्ग चतुर्थीचा. चाराची पाऊणपट तीन, म्हणून ओहोटी नवाच्या सुमारास, आणि उधाण नुकतेच सरल्याने पाणीही बरेच हटलेले. किल्ल्यात रघुजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधलेले गणेश पंचायतन आहे, म्हणजे मधोमध गणपती आणि भोवती चार देवता. तेव्हा संकष्टीला निघाल्यास दर्शन, ओहोटी आणि उपास ही तिन्ही एकाच दिवशी साधतात, आणि सुरमईच्या ताटाचा प्रश्न धर्मशास्त्रच मिटवते. वाचकांनी फक्त घड्याळावर नजर ठेवावी. नवाच्या पुढे पाणी वाढू लागते, ते चढले की परतायला होडी लागते, आणि चहूबाजूंनी समुद्र असताना होडीच्या भाड्यात घासाघीस करता येत नाही.