दोरीवरचा निळा शर्ट

जुन्या लुगड्यावर अडीच किलो बेडगी, दोन बाजूंना आम्ही दोघी. लालबागच्या चाळीत एप्रिल-मे म्हणजे गॅलरीत बसून मिरच्यांची देठं काढायचे दिवस. हात मिरचीत अडकलेले, तोंड मोकळं.

"काकू, विचारू का? तुमच्या मुलाचा तो निळा शर्ट रोज दोरीवर कसा? तो तर दोन वर्षं हैदराबादला आहे."

काकूंनी आधी जिन्याकडे नजर टाकली. "मालकाचा माणूस येतो ना भाड्याला. पोरगा इथंच राहतो असं दिसायला नको? म्हणून रोज सकाळी भिजवते आणि वाळत घालते. न घालताच विटला बिचारा."

मला इतकं हसू आलं की मिरचीचा हात डोळ्याला लागला.

"हस हस. तुझ्यावरही येणार आहे ही वेळ. धाकट्याला बंगलोरची नोकरी लागतेय म्हणे?"

ही बातमी मी घरातसुद्धा हळू आवाजात सांगितली होती. पण आमच्या चाळीत भिंती फक्त खिळे ठोकायला असतात.

"लागतेय. इथं वर्षाला चौदा लाख, तिथं एकोणीस देतायत."

"कागदावर एकोणीस. घरभाडं किती, डिपॉझिट किती, सणावाराला यायचं विमान किती? इथं भाडं महिन्याला एकशे ऐंशी रुपये, आणि डबा तुझ्या हातचा."

"एकशे ऐंशी रुपयांत संडासाची रांगही येते ना काकू. मुलीकडचे आले की आधी तेच विचारतात."

काकूंनी एक मिरची उगाच जोरात मोडली. "ह्या खोलीला नावं ठेवू नकोस. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यात आमचे सासरे. परत गिरणीत गेलेच नाहीत. तेव्हा सासूबाईंनी ह्याच खोलीत खानावळ चालवली, बारा माणसं जेवायची. ज्यांनी घाबरून खोल्या फुंकल्या ते गेले कुणी गावाला, कुणी विरारला. अजून गणपतीत येतात आणि आपल्याच जुन्या दाराकडे बघत प्रसाद खातात."

"म्हणून पोराला धरून ठेवू?"

"धरून नको ठेवूस. शर्ट ठेव."

तेवढ्यात पहिल्या खोलीतले भाऊ बादली घेऊन आले. आयुष्यभर धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात कारकुनी केलेला माणूस. घरमालक-भाडेकरूंची भांडणं तिथंच चालतात, त्यामुळे पेन्शन घेऊन पंधरा वर्षं झाली तरी भाऊंच्या तोंडून कलमं सुटत नाहीत. शर्टाची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच.

"वहिनी, शर्टाला कोर्टात कोणी विचारत नाही," त्यांनी बादली खाली ठेवली. "१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. खोली सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरात नसली, तर मालक दावा लावू शकतो. तुम्ही दोघं इथं राहता, चूल पेटते, विषय संपला. दुसरं, मूळ भाडेकरू गेला की त्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरूपण जातं. तसं कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार. आता काका शंभर वर्षं जगोत, पण समजा—"

"काही समजू नका. पुढं बोला."

"पुढं हेच, की तुम्ही आहात ना इथं! मुलाचा प्रश्न तुमच्यानंतरचा. आणि त्याच्या आत चाळ पाडून नवी झाली, तर तुम्ही मालक. मग भाडेकरूंचा कायदा लागूच नाही. मृत्युपत्र करा, मुलगा बंगलोरला असो नाहीतर बोस्टनला. फक्त नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनी सांभाळणारा, मालक वारसच. आणि शर्ट धुण्यापेक्षा भाड्याच्या पावत्या, लाइट बिलं, रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा."

"नवी कधी होणार पण? वरळीच्या बीडीडीवाल्यांना १४ ऑगस्ट २०२५ ला चाव्या मिळाल्यासुद्धा. ५५६ घरं. १६० फुटांतून ५०० फुटांत!"

"ती सरकारी चाळ. आपली खाजगी मालकाची, १९६९ च्या आधीची, उपकरप्राप्त. आपल्याला किमान ३०० फूट कार्पेट. जास्तीचं मागायचं तर सह्या करण्याआधी मागायचं, सही केल्यावर नुसतं गाऱ्हाणं उरतं."

"बिल्डर पाच लाख कॉर्पसही देतोय," मी म्हटलं. मनात त्यातून धाकट्याची गाडी घेऊन झाली होती.

भाऊ कठड्याला टेकले. "हिशेब करा. टॉवरचा मेंटेनन्स महिन्याला पाच हजार धरला, तर वर्षाचे साठ हजार. ते व्याजातून निघायला सात टक्क्यांनी साडेआठ लाख बँकेत हवेत. म्हणजे पाच लाख हाती आले तरी साडेतीन कमीच. शिवाय मेंटेनन्स दर वर्षी वाढणार, व्याज नाही. एकशे ऐंशीची सवय असलेली माणसं टॉवरमधून नवव्या महिन्यात विकून निघतात, ती ह्याच्यामुळे."

माझी गाडी तिथंच, गॅलरीत, बंद पडली.

"मग पोराला काय सांगू?"

"जाऊ दे त्याला. ह्या वयात पगारानं उडी मारली तर पुढची प्रत्येक वाढ त्या उंचीवरून होते. पण जाताना दोन गोष्टी सांगा. पहिली दोन वर्षं तिथं कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा नाही. नोकरी रुजली की नाही ते आधी कळू दे. आणि वाढलेल्या पगारातला अर्धा, हातात दिसायच्या आत एसआयपीत आणि पीपीएफमध्ये गेला पाहिजे. दिसलेला पैसा राहत नाही."

"आणि तो परत नाही आला तर?"

ह्यावर भाऊंना कलम सापडलं नाही. त्यांनी बादली उचलली. "पाणी जाईल," म्हणाले आणि निघाले.

थोडा वेळ नुसती देठं मोडल्याचा आवाज. वाऱ्यानं निळ्या शर्टाची बाही काकूंच्या डोक्यावर आली, ती त्यांनी मनगटानं बाजूला केली.

"म्हणजे काकू, उद्यापासून शर्टाला सुट्टी?"

"का म्हणून? कायदा भाऊंना माहीत आहे. मालकाच्या माणसाला कुठं माहीत आहे?" काकूंनी मिरच्यांचं सूप पाखडलं. "तूही धाकट्याकडून एक मागून घे जायच्या आधी. फिका नको घेऊस, मिरचीचे डाग पडतात."