मांजराचा सातबारा

घरात एक मांजर असताना दुसरे आणणाऱ्यांना वाटते की हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. दोघांना समोरासमोर बसवले की थोडे गुरगुरतील, मग जमेलच. इथे खातेच चुकते. प्रकरण विवाहाचे नाही, महसुलाचे आहे. फ्लॅटचा करारनामा तुमच्या नावावर असला, तरी आधीच्या मांजराच्या, म्हणजे मनीच्या, दप्तरी तुम्ही फार तर कूळ आहात. आणि त्या दप्तरात ‘कसेल त्याची जमीन’ चालत नाही, ‘लोळेल त्याची जमीन’ चालते.

हे दप्तर वासाचे असते. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर आणि पंजांत गंधग्रंथी असतात. मनी फ्रिजच्या कोपऱ्यावर गाल घासते ती नोंद करायला, आणि सोफा ओरबाडते तेव्हा नखांबरोबर हद्दीच्या खुणांचेही काम उरकते. वरचा ओठ ओढून, तोंड अर्धवट उघडे ठेवून ती शून्यात बघत बसली, तर तिची समाधी लागलेली नसते. टाळूतल्या याकॉब्सन अवयवाने ती कुणाचा तरी दस्त वाचत असते. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे एकट्याने शिकार करणारे आफ्रिकी रानमांजर. एका उंदरात दोघांचे जेवण होत नाही, त्यामुळे भागीदारीची कल्पना त्या घराण्यात रुजलीच नाही. म्हणून आधी वासाचा फेरफार, ताबा नंतर.

फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. मनीलाही निदान तेवढे द्यावेत. तोवर नव्या पाहुण्याला वेगळ्या खोलीत ठेवून पशुवैद्याकडून तपासणी आणि लसीकरण उरकावे. जुन्या मोज्याने त्याचे गाल पुसून तो मोजा मनीच्या वाटेत ठेवावा. ती फिस्कारली, तर हरकत दाखल झाली असे समजून मोजा हातभर मागे न्यावा. तिला दटावू नये, कारण इथे हरकतदार आणि नोंद मंजूर करणारा मंडळ अधिकारी एकच आहे. पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या ताटल्या मांडाव्यात, म्हणजे परका वास आणि पोटातला घास यांची सांगड बसते. मग दार दोन बोटे उघडावे, आणि शेवटी पाच-दहा मिनिटांच्या देखरेखीतल्या भेटी घडवाव्यात. लिटर बॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघांना ३, आणि तेही वेगवेगळ्या जागी. एकाच कोपऱ्यात तिन्ही मांडले तर मांजराच्या हिशेबी ते एकच.

यावर पहिला आक्षेप येतो, की मासळीबाजारात दहा मांजरे सुखाने एकत्र नांदतात. नांदतात, पण त्या बहुधा मायलेकी, बहिणी, मावश्या असतात. ते एकत्र कुटुंबाचे सामायिक खाते आहे, आणि परक्याला तिथूनही हाकलतात. दुसरा आक्षेप, ‘भांडून आपोआप मिटेल.’ भांडण मिटते, त्याची नोंद मिटत नाही. पहिल्याच भेटीत रक्त निघाले, तर ती भीती खोडून काढायला महिने जातात. तिसरा आक्षेप वन बीएचकेवाल्यांचा: वेगळी खोली आणायची कुठून? बेडरूम नव्याला द्यावी आणि माणसांनी हॉलमध्ये पथारी पसरावी. कुळाला तक्रारीचा हक्क नाही. चटईक्षेत्र वाढवता येत नसले, तरी मांजर उंचीही जागेतच धरते, तेव्हा कपाटाचा माथा आणि खिडकीवरची फळी मोकळी करून द्यावी.

निकालाबाबतही भ्रम नको. कॅलेंडरवरच्या चित्रासारखी गळ्यात गळे घालून दोघे झोपतीलच असे नाही. तीन हातांवर, एकमेकांकडे पाठ करून ती निवांत बसली, तरी तडजोड पक्की. कारण ज्याचा भरवसा नाही त्याच्याकडे मांजर पाठ करत नाही. मग एखाद्या दुपारी नवे मांजर फ्रिजच्या त्याच कोपऱ्यावर गाल घासते. मनी उठते, जागा हुंगते, त्यावर आपलाही गाल घासते आणि निघून जाते. नोंद मंजूर झाली. कुळाने दोन्ही ताटल्या भराव्यात.