शंभर घोड्यांची गाडी

"काय गं, आज तुझ्याकडं ठोकाठोकी नाही ऐकू येत. सर गावाला गेले का काय?"

"कशाचं गाव, काकू! काल इंजिन चालू झालं. तवापासून घरात पाय ठरंना त्यांचा."

"चालू झालं? अगं माय! मला वाटलं, त्या सांगाड्यावर आता कोंबड्याच बसणार. गल्लीतल्या बायका तर म्हणत होत्या, सरांनी पगार भंगारात घातला."

"बायकांचं सोडा, माझ्या सासूबाईच म्हणत होत्या."

"पण खरं सांग, त्या जुन्या फियाटमधी असं काय ठेवलंय?"

"त्यांच्यासमोर असं बोलू नका बरं. ही पॅलिओ आहे, त्यातही १.६ वाली. २००१ मध्ये आली तेव्हा सचिन जाहिरात करायचा हिची. आपल्या मारुती ८०० ला ३७ घोड्यांची ताकद, हिला १००!"

"सचिन म्हणजे तोच ना, ज्याच्या फेरारीचा कर माफ केला म्हणून गवगवा झालता?"

"हाव. ती फेरारीपण फियाटवाल्यांनीच दिली होती, २००२ ला. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून. प्रकरण कोर्टात गेलं, मग कोटीच्या वरचा कर कंपनीनंच भरला."

"बघ, सचिनला फेरारी अन् सरांना हे लोखंड! पेट्रोल तर लई पीत असंल."

"पिते की. म्हणून तर लोकांनी विकून टाकल्या अन् आमच्या ह्यांना स्वस्तात गावली."

"अन् बिघडली कशानं? पळवली असंल जिंतूर रोडला सुसाट."

"पळवून नाही, पाण्यानं बिघडली. आधीच्या मालकानं कूलंटचे पैसे वाचवले आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत राहिला. आपल्या बोअरचं पाणी तुम्हाला माहीतच आहे, हंड्याला पांढरा थर धरतो. तो थर आत साचला. मे महिन्याच्या उन्हात गाडी तापली. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. आणि तापलं की ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेडाला बाक आला, गास्केट उडालं, पाणी तेलात शिरलं. तेल पार दुधाळ झालं होतं."

"एवढा बाक आला?"

"कुठला एवढा! मिस्त्रीनं हेडावर सरळ पट्टी धरली अन् खालून गेजची पाती घातली. एक दशांश मिलिमीटरची पाती आरपार. कागदाच्या जाडीएवढ्या फटीपायी सगळं इंजिन उतरवावं लागलं."

"मग नांदेडला नेलं म्हणे?"

"हेड फेस मारायला, ब्लॉक बोरिंगला. पण आधी पिस्टन हातात येऊ दिले, मग त्यांच्या मापानं सिलिंडरचा बोअर वाढवला. आधी बोअर वाढवून मापाचे पिस्टन मिळालेच नाहीत तर काय करता?"

"ते तरी कुठं मिळाले?"

"मुंबईत, कुर्ल्याला. गाडी बनली कुर्ल्याच्या कारखान्यात, सामानही तिथल्याच जुन्या बाजारात सापडलं. देवगिरी एक्स्प्रेसनं पोतं आलं. रिंगा, बेअरिंगं, सोळा व्हॉल्व्ह. मी म्हटलं, माझी पैठणी विसरले, पण पोतं बरोबर आणलं!"

"मग बोलले काय?"

"काही नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर ताटावरून उठणारा हा माणूस, पण एकेका व्हॉल्व्हला पेस्ट लावून दिवसभर घासत बसला. हेडाचे बोल्ट तर बघण्यासारखे आवळले. मधून सुरुवात करायची, मग आळीपाळीनं बाहेर. एकदम कुणालाच पूर्ण आवळायचं नाही. सगळे थोडे थोडे, पुन्हा पहिल्यापासून. कडेनं सुरू केलं तर हेड पुन्हा वाकडं. टायमिंगचा पट्टा चढवल्यावरही इंजिन आधी पान्यानं हातानंच फिरवून बघितलं. पट्ट्याची खूण चुकली तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात म्हणे."

"एवढा धीर होय? लग्नात सप्तपदीला भटजींना घाई करणारे हेच का सर?"

"हेच! आता पुढची गंमत ऐका. १०० घोड्यांची गाडी, पण जोरात पळवायची नाही. नव्या रिंगा बोअरला बसेपर्यंत वेग कमी-जास्त करत न्यायची. पहिल्या फेरीला एकानं विचारलं, सर, पेट्रोल संपत आलं का?"

"जगात जर्मनी, भारतात परभणी! मग आम्हाला बसवणार का नाही?"

"रविवारी गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला निघालोत. चला की."

"येते. पण सरांना आत्ताच सांगून ठेव, पाण्याची बाटली मी मांडीवर धरणार. गाडी कितीबी तापू दे, आमच्या बोअरचा एक थेंब तिला मिळणार नाही."