जागचे न हललेले भाऊ

मोहाडीत हल्ली भाऊंना नावं ठेवण्याची टूम निघाली आहे. भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या कुठल्याही टपरीवर चहा मागवा. "भाऊ औंदा कोनत्या पार्टीत हाय जी?" असं कोणीतरी विचारतं आणि बाकीचे हसतात. हा अन्याय आहे. भाऊ म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हे. नगरपंचायतीचे प्रभाग सतरा आणि भाऊ सतराहून पुष्कळ जास्त. त्या समस्त भाऊवर्गाच्या वतीनं सांगतो, भाऊ आहेत तिथंच आहेत. हललं ते बाकीचं सगळं.

भाऊंना मुळात सरपंच व्हायचं होतं. त्यासाठी जे करावं लागतं ते त्यांनी मन लावून केलं. मयतीला सगळ्यांच्या आधी पोचले, लग्नाच्या पंगतीतून सगळ्यांच्या नंतर उठले, मंडईच्या जत्रेत रात्री दंडारीच्या खेळाचा नारळ फोडून पहाटेपर्यंत डोळे उघडे ठेवले. नवरात्रात चौंडेश्वरीच्या वाटेवर फ्लेक्स लावला, त्यात एका कोपऱ्यात देवीलाही जागा दिली. आता सरपंचपद हाताशी आलंच म्हणायचं, तेवढ्यात २०१५ साली सरकारनं तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करून टाकल्या. उमेदवार पडल्याचं आपण ऐकतो. इथं उमेदवार धडधाकट आणि पदच वारलं. भाऊंनी सुतक पाळलं नाही. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर 'भावी नगराध्यक्ष' असं छापून आलं.

मग आली आरक्षणाची सोडत. सभागृहात पारदर्शक बरणी ठेवतात, त्यात चिठ्ठ्या टाकतात आणि शाळेतलं एखादं पोर बोलावून त्याला हात घालायला लावतात. पाच वर्षं भाऊंनी एका प्रभागात नाल्या उपसून घेतल्या, खांबावर दिवे लावून घेतले, कोणाच्या म्हशीला कुत्रं चावलं तरी धावून गेले. पोरानं हात घातला, चिठ्ठी निघाली, 'सर्वसाधारण महिला'. पोराला खाऊ मिळाला, भाऊंना घाम फुटला.

अशा वेळी घरच्या वहिनी कामी येतात. रांगोळीतलं 'सुस्वागतम' सोडलं तर त्यांनी आजवर गावाला उद्देशून काही लिहिलेलं नसतं. पण अर्ज भरला जातो. पत्रकावर वहिनींचा फोटो पासपोर्टाएवढा आणि हात जोडलेले भाऊ पूर्णाकृती. वहिनी निवडून आल्या की हार भाऊंच्या गळ्यात पडतात आणि सभेच्या दिवशी दाराबाहेर खुर्ची टाकून भाऊ बसतात. ठराव आत होतो, मान बाहेर डोलते. निम्म्या जागा महिलांना ठेवून कायद्यानं बायकांना सत्तेत आणलं, हे अगदी खरं आहे. नवऱ्यांना घरी पाठवायचं कलम मात्र राहून गेलं.

२०२१ ची गोष्ट तर महाभारतात शोभावी. मुदत कधीच संपलेली, कोरोनानं निवडणूक लांबलेली, अखेर २१ डिसेंबर ही तारीख पडली. भाऊंनी ओबीसी राखीव जागेवर अर्ज भरला, पत्रकं छापली, बोकडाला इसार दिला. ६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं ओबीसी जागांना स्थगिती दिली आणि १५ तारखेला सांगितलं की या जागा सर्वसाधारण करून निवडणूक घ्या. बाकीच्या प्रभागांत ठरल्या दिवशी मतदान झालं, या जागांवर १८ जानेवारी २०२२ ला, आणि मोजणी सगळ्यांची एकदम १९ ला. म्हणजे महिनाभर गावातली बरीचशी मतं यंत्रात कुलूपबंद आणि भाऊंच्या प्रभागात प्रचार पहिल्यापासून. मतदार तेच, मटण दुसऱ्यांदा. त्यात जागा सर्वसाधारण झाल्यानं समोर नवे पाच भाऊ उभे.

नगराध्यक्ष नेमका कसा निवडायचा, हेही एकदाचं ठरू देत नाहीत. आधी थेट जनतेतून, २०२० मध्ये नव्या सरकारनं पुन्हा नगरसेवकांतून, जुलै २०२२ मध्ये त्याहून नव्या सरकारनं पुन्हा थेट. भाऊंनी बेत तरी कसा आखावा? नऊ नगरसेवकांना सहलीला न्यायचं की अख्ख्या गावाला?

राहता राहिला पक्ष. भाऊंनी पक्ष बदलले म्हणणाऱ्यांनी जरा वर बघावं. नाना पटोले २०१४ मध्ये भाजपच्या तिकिटावर प्रफुल्ल पटेलांना हरवून आमचे खासदार झाले, २०१७ मध्ये राजीनामा देऊन पुढं काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. त्या राजीनाम्यामुळं मे २०१८ मध्ये पोटनिवडणूक झाली, तर आमच्या उन्हात व्हीव्हीपॅट यंत्रांनीच मान टाकली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. मोहाडी ज्या तुमसर मतदारसंघात येते, तिथले चरण वाघमारे २०१४ ला भाजपचे आमदार, २०१९ ला अपक्ष, पुढं तेलंगणाहून आलेल्या भारत राष्ट्र समितीत आणि २०२४ ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार. समोर राजू कारेमोरे. ते राष्ट्रवादीतच राहिले, पण तोवर राष्ट्रवादीचेच दोन भाग झालेले. मे २०२२ मध्ये भंडारा जिल्हा परिषदेत काँग्रेसनं भाजपचा एक गट सोबत घेतला, तर शेजारी गोंदियात राष्ट्रवादी भाजपबरोबर गेली. तेव्हा मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकाच सरकारात मांडीला मांडी लावून बसले होते.

एवढी उलथापालथ चालू असताना भाऊंनी कपाटात चार रंगांचे दुपट्टे घडी करून ठेवले, तर तो हवामानाचा अभ्यास म्हणायचा. त्यातल्या दोन दुपट्ट्यांवरची चिन्हं तर कपाटातल्या कपाटात दुसऱ्या गटाची झाली. भाऊंचा हातसुद्धा लागला नव्हता.

डिसेंबर २०२५ मध्ये तुमसर नगर परिषदेची निवडणूक झाली तेव्हा भाऊ सरावासाठी तिकडं जाऊन आले. मोहाडीची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते, तेव्हा पुन्हा सोडत, पुन्हा बरणी. यंदा भाऊंनी तयारीची दिशा बदललेली दिसते. धान खरेदी केंद्रावर ते फारसे दिसत नाहीत, बोनसच्या मोर्चातही शेवटच्या रांगेत असतात. मात्र शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनाला पहिल्या खुर्चीवर हजर. परवा त्यांनी वह्यांचं वाटप केलं, तेही फक्त तिसरी ते पाचवीच्या मुलांना. मोठ्या वर्गातल्या एकानं विचारलं, "आमाले काहून नाही जी?" भाऊंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "बेटा, तुमी आता मतदार होनार."