कुंपण डुकराला, मोकळीक माणसाला

डेन्मार्कने 2019 मध्ये जर्मनीच्या सरहद्दीवर सुमारे 70 किलोमीटरचं कुंपण घातलं. उंची दीड मीटर. रानडुकरं आत आली तर आफ्रिकन स्वाइन फीवर येईल आणि डुकराच्या मांसाची निर्यात बसेल, ही धास्ती. रस्ते आले तिथे कुंपण अर्थातच मोकळं सोडलं. तिथून मोटारी जातात, मोटारीत माणसं, माणसांच्या डब्यात हॅम सँडविच. त्याला कोण अडवतो?

या विषाणूचा प्रवास पाहा. 1921 मध्ये केनियात पहिली नोंद. 1957 मध्ये तो पोर्तुगालला पोचला, लिस्बन विमानतळावरचं खरकटं डुकरांना घातल्यामुळे. 2007 मध्ये जॉर्जियातल्या पोटी बंदराजवळ उगवला. तिथे संशय जहाजांवरच्या खरकट्याचा. 2018 मध्ये बेल्जियमच्या जंगलात मेलेली रानडुकरं सापडली, तेव्हा जवळात जवळचा बाधित प्रदेश शेकडो किलोमीटर दूर होता. रानडुक्कर काही तिकीट काढून आलं नसणार.

2020 मध्ये रोग आसामात आला. काझीरंगाच्या रानडुकरांना वाचवायला खंदक खणला. चांगलंच केलं. पण हा विषाणू गोठवलेल्या मांसात महिनोन्महिने टिकतो आणि बूट, टेम्पोची चाकं, सुरी यांना चिकटून गावोगाव फिरतो. बुटांपुढे खंदक कोण खणणार?

रोगावर उपचार नाही. व्हिएतनामने लस काढली, पण आपला वराहपालक अजून तिच्या भरवशावर राहू शकत नाही. त्यामुळे इलाज एकच: बाधित जागेपासून 1 किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारून पुरायची आणि 10 किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. कागदावर चोख. आता चार डुकरं पाळणाऱ्याच्या जागी बसा. एक आजारी पडलंय. सरकारला कळवावं, तर चारही जातील आणि भरपाईची फाइल टेबलं मोजत बसेल. न कळवावं, तर आज रात्रीच खाटकाकडून रोकड मिळेल. त्याने दुसरा रस्ता धरला की मांस बाजारात, हाडं कुणाच्या तरी खरकट्यात आणि ते खरकटं पुढच्या गावच्या डुकरांपुढे. म्हणजे भरपाईला लागलेला उशीर हासुद्धा रोगाचा वाहकच. त्याची तपासणी मात्र कुठल्याच प्रयोगशाळेत होत नाही.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. खरकटं उकळून घाला, नाहीतर घालूच नका. बाहेरच्या माणसाला गोठ्यात सोडू नका. आणि डुक्कर पुरल्यावर पैसे त्याच आठवड्यात द्या. पण कुंपणाचं उद्घाटन करता येतं, फोटो निघतो. वेळेवर वटलेल्या चेकची फीत कोण कापणार?

हा रोग माणसाला होत नाही, असं प्रत्येक सरकारी पत्रकात ठळक छापलेलं असतं. माणूस तो पसरवतो, हेही तेवढ्याच ठळक अक्षरात छापायला हरकत नाही.